डिस्क आहे, पण दिसत नाही: एका रिकाम्या यादीचा चाळीस वर्षांचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अद्याप उत्तम चालणारे असंख्य संगणक त्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांचे आयुष्य वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांवर लिनक्स बसवणे. पुष्कळ विद्यार्थी विंडोज न काढता तिच्या शेजारी ही दुसरी प्रणाली बसवू पाहतात. पेनड्राइव्ह तयार होतो, इन्स्टॉलर सुरू होतो, भाषा आणि कळफलक निवडून होतात, आणि 'कोणत्या डिस्कवर बसवायचे?' या प्रश्नाखालची यादी रिकामी निघते. ज्या डिस्कवरून पाच मिनिटांपूर्वी विंडोज चालत होती, ती डिस्क नव्या प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसते.

ही रिकामी यादी पाहून कोणी म्हणतो डिस्क बिघडली, कोणी म्हणतो या यंत्रावर लिनक्स चालणारच नाही. दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात. तथापि खरा धोका तिसऱ्या प्रतिक्रियेत आहे: घाईघाईने समोर येईल ते बटण दाबणे. 'डिस्क इनिशियलाइज करा', 'नवा पार्टिशन तक्ता तयार करा' अशी ती बटणे साधी दिसतात, पण त्यांमागे वर्षभराची मोजमापे, अर्धा लिहिलेला प्रबंध आणि घरची छायाचित्रे यांचा पत्ता पुसून टाकण्याची शक्ती असते.

संगणकाला डिस्क 'दिसणे' ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. त्यामागे करार असतात. यंत्र सुरू होताच जागे होणारे फर्मवेअर, प्रणालीचा गाभा असलेले कर्नेल आणि डिस्कवर लिहून ठेवलेल्या नोंदी या तिघांना एकमेकांची भाषा कळली, तरच यादीत नाव उमटते. हे करार वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, त्या-त्या काळच्या काटकसरीने लिहिले. म्हणून डिस्क दिसत नसेल तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न असा: कोणत्या सालचा करार मोडला आहे?

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. त्या रॅमॅक यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. त्या काळी डिस्क, यंत्र आणि आज्ञावली एकाच कंपनीची असे, त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्नच नव्हता. तो उद्भवला वैयक्तिक संगणकामुळे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हार्ड डिस्क नव्हती. मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क होती, आणि तिच्यासोबत आलेल्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये एक छोटा तक्ता लिहिण्याची प्रथा सुरू केली. पुढे तोच मास्टर बूट रेकॉर्ड, अर्थात एमबीआर, या नावाने ओळखला गेला.

तो सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर वैध आहे' असे सांगणाऱ्या खुणेसाठी. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी. चारच का? कारण एकाच डिस्कवर एकाहून अधिक प्रणाली नांदाव्यात, हा या तक्त्याचा मूळ हेतूच होता. त्या काळी डॉस, सीपीएम-८६, यूसीएसडी पी-सिस्टिम अशा मोजक्याच प्रणाली बाजारात होत्या. चार जागा पुरेशा वाटल्या. म्हणजे ज्या तक्त्यावर आज दुसरी प्रणाली अडखळते, तो मुळात दुसऱ्या प्रणालीच्या सोयीसाठीच आखला होता.

दुसरा करार डिस्कवरचा पत्ता कसा सांगायचा याचा. आरंभी तो भूमितीय होता: कोणता सिलिंडर, कोणते हेड, कोणता सेक्टर. बायोस या फर्मवेअरने सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ बिट आणि सेक्टरसाठी ६ बिट राखून ठेवले. डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या एटीए मानकाने मात्र १६, ४ आणि ८ अशी वाटणी केली. एकेकटे पाहिले तर दोन्ही हिशोब उदार होते: पहिल्यात सुमारे ८.४ अब्ज बाइट मावत, दुसऱ्यात सुमारे १३७ अब्ज. परंतु दोघांना एकत्र चालायचे, तर प्रत्येक घटकासाठी दोहोंतील लहान मर्यादा लागू पडे. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट यांचा गुणाकार येतो ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे जेमतेम ५२८ मेगाबाइट. १९९० च्या दशकात याहून मोठ्या डिस्क बाजारात येऊ लागल्या, तेव्हा वरचा भाग यंत्राला दिसेनासा झाला. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. चूक होती ती त्यांच्या जोडणीत, आणि या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

याच वातावरणात लिनक्सचा जन्म झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली, तेव्हा त्याने प्रांजळपणे लिहिले होते की ही प्रणाली एटी प्रकारच्या डिस्कखेरीज दुसरे काही बहुधा कधीच ओळखणार नाही, कारण आपल्यापाशी तेवढेच आहे. आज छोट्या फलकांपासून महासंगणकांपर्यंत चालणाऱ्या कर्नेलचा आरंभ 'मला एकच डिस्क ओळखते' अशा कबुलीने झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शिवाय त्याच्या संगणकावर लिनक्स हीच 'दुसरी प्रणाली' होती. पहिली होती मिनिक्स, आणि लिनक्सची जडणघडण तिच्याच आधाराने चालली होती. एकदा मोडेमकडे पाठवायच्या आज्ञा चुकून थेट डिस्ककडे गेल्या आणि मिनिक्सचे पार्टिशन उद्ध्वस्त झाले. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी लिनक्सलाच स्वतःच्या पायावर उभे करायचे, असे त्याने ठरवले. त्या अपघातातून इतिहास घडला खरा, पण ज्याची एकुलती एक प्रत डिस्कवर आहे, त्याने असल्या योगायोगावर विसंबू नये.

भारतात लिनक्स पसरले ते याच दशकात. इंटरनेट दुर्मीळ होते, आणि 'पीसीक्वेस्ट'सारख्या मासिकाच्या अंकासोबत येणारी सीडी हाच पुष्कळांच्या लेखी प्रवेशाचा मार्ग होता. त्या पिढीला लिलो हा बूट लोडर आठवत असेल. तो कर्नेल वाचण्यासाठी बायोसवर अवलंबून असे, आणि बायोसला १०२४ व्या सिलिंडरापलीकडचे दिसत नसे. म्हणून कर्नेल ठेवण्यासाठी डिस्कच्या आरंभी एक छोटे पार्टिशन राखावे लागे. पुढे १९९० च्या दशकातच बायोसमध्ये भर घालून भूमितीय पत्त्यांऐवजी सरळ अनुक्रमांक वापरण्याची सोय झाली आणि ती भिंत पडली. सवय मात्र राहिली. आजही अनेक मार्गदर्शिका 'बूट'साठी वेगळे पार्टिशन करायला सांगतात, त्यामागच्या कारणांपैकी एक कारण केव्हाच लयाला गेले आहे.

अनुक्रमांक आले तरी त्यांची लांबी ठरवावीच लागते. एटीए मानकाने २८ बिट ठरवले होते. २८ बिटांत सुमारे २६ कोटी ८४ लाख सेक्टर मोजता येतात, म्हणजे पुन्हा १३७ गिगाबाइटची भिंत. २००० नंतर ती समोर आली, तेव्हा ४८ बिटांचा विस्तार झाला. विंडोज एक्सपीने तो २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून स्वीकारला. परिणामी मूळ एक्सपीची सीडी वापरणाऱ्याला मोठी डिस्क १३७ गिगाबाइटचीच दिसे, आणि सर्व्हिस पॅक असलेली सीडी वापरणाऱ्याला पूर्ण दिसे. डिस्क तीच, यंत्रही तेच, भेद फक्त करार वाचणाऱ्याचा.

आजवरचे अडथळे संख्यांचे होते. पुढचा अडथळा कालक्रमाचा होता. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली, सॅटा जोडणीचे मानक २००३ मध्ये आणि त्यासाठीचे एएचसीआय हे नियंत्रकाचे मानक २००४ मध्ये. आपल्यानंतर जन्मलेल्या यंत्रणेची ओळख एक्सपीच्या इन्स्टॉलरला असणे शक्यच नव्हते. त्याला ड्रायव्हर पुरवायचा तर आरंभीच एफ-६ कळ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे, आणि नव्या यंत्रांतून फ्लॉपीच नाहीशी होत चालली होती. त्या काळात अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतून प्रचलित असलेला तोडगा म्हणजे बायोसमध्ये जाऊन सॅटा नियंत्रकाला जुन्या आयडीई नियंत्रकाचे सोंग घ्यायला लावणे. नव्या यंत्राने जुनी भाषा बोलली की डिस्क दिसे. हाच प्रसंग पुढे विंडोज ७ वर आला. ती २००९ ची, आणि एनव्हीएमई मानकाची पहिली आवृत्ती मार्च २०११ ची. म्हणून विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसत नाहीत.

लिनक्सने याच काळात निराळी अडचण सोसली. आरंभी आयडीई डिस्कला 'एचडीए' आणि स्कझी डिस्कला 'एसडीए' अशी नावे असत. नव्या ड्रायव्हरांनी दोन्ही प्रकार एका छत्राखाली आणले, आणि २००७ च्या सुमारास अनेक वितरणांत जुन्या डिस्कचेही नाव बदलून 'एसडीए' झाले. ज्यांच्या संरचनेत जुने नाव लिहिलेले होते, त्यांची प्रणाली अद्ययावत केल्यावर सुरू होईना. डिस्क दिसत होती, पण हाक निराळ्या नावाने मारली जात होती. तेव्हापासून डिस्कला जोडणीच्या क्रमावरून नाव न देता प्रत्येक पार्टिशनवर लिहिलेल्या अद्वितीय ओळखक्रमांकाने शोधण्याची पद्धत रूढ झाली.

एमबीआरच्या चार जागांचा प्रश्नही याच सुमारास ऐरणीवर आला. विंडोज ७ च्या काळातील अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच चारही जागा भरून येत: एक बूटसाठी, एक मुख्य विंडोजसाठी, एक पुनर्स्थापनेसाठी, एक कंपनीच्या साधनांसाठी. वापरकर्त्याने जागा मोकळी करून पाचवे पार्टिशन मागितले, की विंडोज त्या डिस्कचे 'डायनॅमिक डिस्क' या प्रकारात रूपांतर करू का, असे विचारी. एका होकाराने तक्त्याची भाषाच बदले, आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला नेहमीच्या पार्टिशनांऐवजी न उलगडणारा ठोकळा दिसे. ते रूपांतर करणे सोपे, उलटवणे कठीण होते. कित्येकांचा विदा याच पायरीवर गेला.

एमबीआरची अंतिम मर्यादा गणितातच दडली होती. त्याच्या नोंदीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरांची २.२ टेराबाइटपुढची जागा त्याला सांगताच येत नाही. उपाय आला अनपेक्षित दिशेने. इंटेलने आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बायोसला पर्याय रचायला घेतला होता. २००५ मध्ये तो अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेला आणि यूईएफआय झाला. त्यासोबतचा जीपीटी हा नवा तक्ता ६४ बिटांचा आहे, त्यात सहसा १२८ नोंदी मावतात, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये, यासाठी पहिल्या सेक्टरमध्ये 'ही सारी जागा व्यापलेली आहे' असे सांगणारा एक एमबीआरही ठेवला जातो. जुन्या कराराचा मान राखून नवा करार करण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तरीही संक्रमणाच्या काळात घोळ झालाच. विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होते ती केवळ यूईएफआय पद्धतीने, आणि एमबीआर डिस्कवरून केवळ जुन्या बायोस पद्धतीने. पण एकाच यंत्रात दोन्ही पद्धती उपलब्ध असतात, आणि एकाच पेनड्राइव्हचे नाव बूटच्या यादीत दोनदा येते. चुकीच्या नावाने सुरुवात केली, की शेजारची विंडोज इन्स्टॉलरच्या लक्षात येत नाही, किंवा दोन्ही प्रणाली बसतात पण एकमेकींना हाक देऊ शकत नाहीत.

आजच्या रिकाम्या यादीचे सर्वांत प्रचलित कारण याहून ताजे आहे. अनेक लॅपटॉपमध्ये इंटेलच्या रॅपिड स्टोरेज तंत्रानुसार नियंत्रक 'रेड' पद्धतीवर ठेवलेला असतो, मग आत डिस्क एकच का असेना. काही रचनांत एनव्हीएमई डिस्क त्या नियंत्रकाच्या पडद्याआड जाते, आणि कर्नेलला ती स्वतंत्र उपकरण म्हणून भेटतच नाही. २०२० पासूनच्या प्रोसेसरांत व्हीएमडी नावाची अशीच यंत्रणा आली. गंमत अशी की तिने विंडोज १० च्या मूळ इन्स्टॉलरलाही तितकेच अडवले. ड्रायव्हर वेगळा दिल्याशिवाय त्यालाही डिस्क दिसेना. लिनक्सच्या नव्या कर्नेलांत व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे, जुन्या वितरणांत तो पुरेसा नसतो. अर्थात येथे वैर कोणाचेच कोणाशी नाही. करार वाचणारा जुना आहे, इतकेच.

हा इतिहास समोर ठेवला की निदानाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम महत्त्वाच्या विद्याची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी, आणि ती उघडते आहे ना, हे पाहावे. त्यानंतर फर्मवेअरच्या यादीत डिस्कचे नाव आहे का, ते पाहावे. तेथेच नसेल तर प्रश्न जोडणीचा किंवा डिस्कचा आहे. तेथे असेल, पण पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये 'एलएसबीएलके' या आज्ञेला दिसत नसेल, तर प्रश्न नियंत्रकाच्या पद्धतीचा किंवा ड्रायव्हरचा आहे. त्या आज्ञेला दिसते आणि केवळ इन्स्टॉलरलाच दिसत नाही, असे असेल तर तक्त्यातील विसंगतीचा किंवा मागे राहिलेल्या जुन्या रेड-खुणांचा संशय घ्यावा. आणि डिस्क दिसते पण विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही, असे असेल तर विंडोजचा जलद-आरंभ पर्याय तपासावा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रिस्त राहते, आणि लिनक्स सावधगिरीने ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते.

'रेड' बदलून 'एएचसीआय' करणे हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय बरोबर आहे, पण त्यात एक पायरी सहसा गाळली जाते. विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा. तसे न केल्यास विंडोजलाच आपली डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. बिटलॉकर सुरू असेल तर फर्मवेअर बदलल्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागितली जाऊ शकते. ती आधी लिहून ठेवलेली नसेल, तर विदा डिस्कवर असूनही कायमचा हातचा जातो. 'इनिशियलाइज' हे बटण मात्र या संपूर्ण क्रमात कोठेही लागत नाही.

भारताच्या संदर्भात हा विषय वैयक्तिक लॅपटॉपपुरता मर्यादित नाही. सी-डॅकने चेन्नईत विकसित केलेली 'बॉस' ही डेबियनवर आधारित प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. केरळच्या शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर शिक्षण चालते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय उबुंटूवर आधारित 'माया' प्रणालीकडे वळत असल्याचे वृत्त आले. जगातील अव्वल ५०० महासंगणक तर नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा विदा हाताळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही लिनक्सच हाताशी लागते. म्हणजे दुसरी प्रणाली बसवता येणे हे आपल्याकडे विज्ञानाच्या शिक्षणाचे एक प्रवेशद्वार आहे, आणि पुष्कळदा ते घरातल्या एकमेव लॅपटॉपवर उघडावे लागते.

अशा प्रणालींची चर्चा आपल्याकडे बहुधा भारतीय लिपी, पडद्याचे रूप आणि सुरक्षा यांभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु प्रणाली बसण्यापूर्वीच डिस्क दिसली नाही, तर बाकीचे गुण दाराबाहेर राहतात. म्हणून सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या संगणकांच्या निविदेत दोन साध्या अटी असाव्यात, असे मला वाटते: नियंत्रकाची पद्धत बदलण्याची मोकळीक फर्मवेअरमध्ये हवी, आणि मुख्य लिनक्स कर्नेलला त्या यंत्रातील डिस्क जादा ड्रायव्हरविना दिसायला हवी. पेनड्राइव्ह लावून खरेदीपूर्वी पाच मिनिटांत याची तपासणी होऊ शकते.

आज आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे रिस्क-फाइव्हवर आधारित प्रोसेसर आपल्या देशात घडत आहेत. त्यांच्यासाठी फर्मवेअर लिहिणाऱ्यांत हे वाचणारे काही विद्यार्थीही उद्या असतील. एखाद्या पत्त्यासाठी किती बिट राखायचे, तक्त्यात किती जागा ठेवायच्या, असे निर्णय त्यांच्यापुढे येतील आणि एखादी संख्या 'पुरेशी' वाटेल. १९८३ मध्ये चारही पुरेसे वाटले होते. आपली संख्या निवडताना, ती अपुरी पडेल त्या दिवशी नव्या करारात शिरण्याची वाटही तिच्या शेजारी लिहून ठेवावी.